दगडांपलीकडचा नवरा : कालप्रवासी ऐतिहासिक प्रेमकथा आपण का वाचतो?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पहिली म्हणजे, ‘अहो, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे?’ आणि दुसरी, जरा हळू आवाजात, ‘तुम्ही पुस्तकं वाचलीत, की नुसती मालिका पाहिलीत?’ ही दुसरी प्रतिक्रिया आम्हांला जास्त महत्त्वाची वाटते. कारण आवाज हळू का होतो, हाच खरा प्रश्न आहे. आपण एखादी गोष्ट हजार-हजार पानं वाचतो, रात्री जागून पाहतो आणि चारचौघांत मात्र म्हणतो, ‘सहज, वेळ घालवायला.’ ज्याच्यावर एवढा वेळ घालवला ते सहज कसं असेल? तेव्हा आज थोडं गंभीरपणे या आनंदाकडे पाहू. त्याची थट्टा नको आणि नुसती भलामणही नको.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. कथानक उघड केल्याशिवाय ही चर्चा होणार नाही. ज्यांना पुढे वाचायचंय, पाहायचंय, त्यांनी आमच्यावर रागावू नये.

आपण मुख्यतः एकाच उदाहरणाला धरून बोलू, ते म्हणजे डायाना गॅबाल्डन यांची ‘आउटलँडर’. पहिली कादंबरी १९९१ साली आली. ब्रिटनमध्ये ती ‘क्रॉस स्टिच’ या नावानं निघाली. २०२१ पर्यंत मुख्य मालिकेचे नऊ जाडजूड खंड झाले. ऑगस्ट २०१४मध्ये स्टार्झ वाहिनीवर तिचं मालिकारूप सुरू झालं. ते रोनाल्ड डी. मूर यांनी घडवलं. कैट्रिओना बाल्फ क्लेअर झाली आणि सॅम ह्यूअन जेमी.

गोष्ट थोडक्यात अशी. साल १९४५. महायुद्ध नुकतंच संपलंय. क्लेअर ही युद्धात परिचारिका म्हणून काम केलेली बाई. नवरा फ्रँक इतिहासाचा अभ्यासक. युद्धानं दोघांना कित्येक वर्षं दूर ठेवलं, म्हणून पुन्हा ओळख व्हावी यासाठी दोघं स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला आलेत. तिथे क्रेग ना डून नावाच्या टेकडीवर – हे नाव आणि टेकडी दोन्ही लेखिकेची – उभ्या दगडांचं एक प्राचीन वर्तुळ आहे. क्लेअर एका दगडाला हात लावते आणि थेट १७४३ सालात पोचते. तिथे पहिल्यांदा भेटतो तो फ्रँकसारखाच दिसणारा त्याचा पूर्वज, इंग्रज कप्तान ब्लॅक जॅक रँडल. तोंड नवऱ्याचं, माणूस क्रूर. आणि मग भेटतो निखळलेल्या खांद्याचा, विशीतला जेमी फ्रेझर. तो खांदा क्लेअर बसवून देते. प्रेमकथेची सुरुवात सांधा बसवण्यापासून होते, हे लक्षात ठेवा. ते पुढे कामाला येईल.

आता या लेखिकेबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गॅबाल्डन मूळच्या शास्त्र शाखेच्या, प्राणी-वर्तनाशी संबंधित पर्यावरणशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट केलेली. १९८८च्या सुमारास सराव म्हणून त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. ‘डॉक्टर हू’ या जुन्या ब्रिटिश मालिकेत त्यांना किल्ट नेसलेला एक स्कॉटिश तरुण दिसला आणि त्यावरून त्यांनी अठराव्या शतकातलं स्कॉटलंड निवडलं. तोवर डोक्यात कालप्रवास नव्हता, साधी ऐतिहासिक कादंबरी होती. मग त्यांनी कथेत एक इंग्रज बाई आणली, आणि ती बाई काही केल्या अठराव्या शतकातल्या बाईसारखी बोलेना. ती आजच्यासारखी बोलायची, टोमणे मारायची, स्वतःच गोष्ट सांगायला लागायची. शेवटी लेखिकेनं हार मानली. ठीक आहे, तू आजचीच राहा, तू तिथे कशी आलीस ते मी नंतर बघते! हे सगळं त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलेलं आहे.

आमच्या मते या प्रकाराची किल्ली इथे आहे. कालप्रवास इथे विज्ञानकथेची हौस म्हणून आलेला नाही. तो आवाजाच्या अडचणीवरचा तोडगा म्हणून आला. आणि ही अडचण प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीची असते. आपल्याकडची घ्या ना. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची. माधवराव आणि रमाबाई यांच्यातला जो हळुवारपणा आपण तिच्यात वाचला, तो १७७०चा आहे की १९६२चा? ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ची. बाजीराव-मस्तानीचं प्रेम आपल्याला इतकं समजतं, कारण ते आपल्या काळाच्या समजुतीतून लिहिलंय. यात काही चूक नाही, लेखक दुसरं करणार तरी काय? पण ऐतिहासिक कादंबरी ही गोष्ट लपवते. आजचं मन ती जुन्या लुगड्यात नीट झाकून ठेवते, पदर ढळू देत नाही. कालप्रवासी कादंबरी ते उघड करून टाकते. ती म्हणते, होय, ही बाई आजची आहे, ही परकी आहे, आणि ती इथे काय करतेय तेच आपण बघणार आहोत. ‘आउटलँडर’ या शब्दाचा अर्थच मुळी परकी व्यक्ती. म्हणजे बघा, ज्या प्रकाराला आपण सर्वांत जास्त अवास्तव समजतो, तो या एका बाबतीत जास्त प्रामाणिक निघतो.

बरं, ही आजची बाई सोबत काय घेऊन जाते? पहिली गोष्ट म्हणजे माहिती. क्लेअरला ठाऊक आहे की १६ एप्रिल १७४६ला कलोडनच्या माळावर काय होणार आहे. प्रिन्स चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या बाजूनं उठलेलं जॅकोबाइट सैन्य तासाभराच्या आत मोडून पडणार आहे. त्या बाजूचे सुमारे दीड हजार लोक पडणार आहेत. पुढे कायद्यानं डोंगराळ मुलखातल्या पुरुषांचा पोशाखसुद्धा बंद होणार आहे आणि ती बंदी उठायला १७८२ साल उजाडणार आहे. जेमीभोवती बसून जे लोक हसतायत, पितायत, गाणी म्हणतायत, त्यातले बरेच तीन वर्षांत मेलेले असणार. हे तिला माहीत आहे, त्यांना नाही.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. पानिपतावरची कुठलीही कादंबरी उघडा. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ घ्या. १४ जानेवारी १७६१ ही तारीख पहिल्या पानापासून आपल्या छातीवर बसलेली असते. भाऊसाहेबांचं सैन्य उत्तरेकडे निघतं तेव्हा त्यांच्या गावी नसलेला शेवट आपल्याला पाठ असतो. वाचकाच्या या अवस्थेला कालप्रवासी कादंबरी एक देह देते. आपण जे बाहेरून जाणतो ते क्लेअर आतून जाणते. गॅबाल्डन तर याच्याही पुढे जातात. दुसरा खंड, ‘ड्रॅगनफ्लाय इन अँबर’, १९६८ सालात सुरू होतो. क्लेअर विसाव्या शतकात परतलेली आहे, सोबत तरुण मुलगी आहे, जेमी नाही. म्हणजे पुढची सगळी पानं आपण विरहाची खात्री घेऊन वाचतो. हे दोघं पॅरिसला जाऊन उठाव थांबवायची खटपट करतात, तेव्हा ती फसणार हे आपल्याला ठाऊक असतं. तरी आपण आशा धरतो. वाचनातली ही आशा मोठी विचित्र चीज आहे.

इथे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही एक इतिहासकार एका दुसऱ्याच जगात जाऊन पोचतो. त्या जगात विश्वासरावांवर झाडलेली गोळी चुकलेली असते आणि इतिहास दुसऱ्या फाट्यावर गेलेला असतो. फार सुंदर कथा. पण दोन्हींतला फरक पाहा. नारळीकरांना मोठा इतिहास वळवून पाहायचाय. गंगाधरपंत काय करतात? ग्रंथालयात जाऊन तो फाटा कुठे फुटला ते शोधतात. गॅबाल्डन यांच्या जगात मोठा इतिहास वळत नाही. कलोडन होतंच. पण आपल्या लॅलीब्रॉखच्या माणसांना जेमी त्या माळापासून दूर, घरी पाठवू शकतो. लढाई वाचत नाही, मूठभर माणसं वाचतात. या प्रकाराचा नियमच म्हणा हवं तर : साम्राज्यं अढळ, आयुष्यं मात्र थोडी हलवता येतात.

चीनमध्ये याच नियमाची जास्त कडू आवृत्ती सापडते. तुंग ह्वा या लेखिकेच्या कादंबरीवरची ‘बु बु जिंग शिन’ ही मालिका २०११ची. आजची एक तरुणी कांगशी बादशहाच्या दरबारात, त्याच्या मुलांच्या गराड्यात जाऊन पडते. चौथा राजपुत्र पुढे यूंगचंग बादशहा होणार, हे तिला शाळेतल्या इतिहासामुळे ठाऊक. ज्याच्यावर जीव जडला त्याला ती सावध करते आणि तिचा तो इशाराच पुढच्या अनर्थाचं एक कारण होतो. माहिती वाचवत नाही, माहितीच बुडवते. त्याच वर्षी चीनच्या प्रसारण नियामकांनी अशा कालप्रवासी मालिका इतिहासाशी पोरखेळ करतात म्हणून नापसंती जाहीर केली होती. एका प्रेमकथेची सरकारला एवढी चिंता का वाटावी? आम्हांला वाटतं, कारण अशा कथेत एक साधी मुलगी परवानगी न घेता इतिहासाच्या दिवाणखान्यात शिरते आणि बादशहाकडे बघताना तिला पहिल्यांदा दिसतो तो एक पुरुष. इतिहास ज्यांना फक्त पुतळ्यांचा हवा असतो, त्यांना हे चालणार कसं?

क्लेअर सोबत नेते ती दुसरी गोष्ट म्हणजे हात. शिकलेले हात. ती परिचारिका आहे, पुढे विसाव्या शतकात परतल्यावर बोस्टनमध्ये शल्यविशारद होते. जखम धुणं, हाड बसवणं, ताप ओळखणं, या पुस्तकांत प्रेमाच्या प्रसंगांइतकीच ही पानं आहेत. आणि वाचकांना ती आवडतात. का आवडतात? ‘स्वामी’ वाचलेल्या प्रत्येकानं मनातल्या मनात एकदा तरी हा प्रवास केलेला आहे. माधवराव थेऊरला क्षयानं झिजतायत. अवघं सत्तावीस वर्षांचं वय. आणि आपल्याला माहीत असतं की या रोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडणार आहे. पावणेदोनशे वर्षांच्या अलीकडे औषध, पलीकडे रोगी. कुणीतरी ते तिकडे पोचवा रे, असं वाटलं नाही असा वाचक विरळा. ऐतिहासिक कादंबरी आपल्याला ही असहायता देते आणि तसंच सोडून देते. कालप्रवासी कादंबरी तिला हातपाय देते. तिसऱ्या खंडात क्लेअर खरोखरच पेनिसिलिन बरोबर घेऊन जाते.

पण फुकट काही नाही. शिकलेल्या हातांची बाई म्हणजे चेटकीण. पहिल्याच खंडात क्लेअरवर चेटकाचा खटला भरतात. तिथे तिच्या बरोबरची आरोपी, गेलिस डंकन, तिला वाचवण्यासाठी स्वतःवर आळ ओढून घेते. त्या गडबडीत क्लेअरला तिच्या दंडावर एक खूण दिसते. गर्दीला ती सैतानाची खूण वाटते. क्लेअरला कळतं की तो देवीची लस टोचल्याचा वण आहे. म्हणजे ही बाईसुद्धा आपल्याच काळातून आलेली! आपल्याकडे एका विशिष्ट वयाच्या वरच्या प्रत्येकाच्या दंडावर हा वण आहे. तो कुणाला शोभेचा वाटत नाही. कादंबरी तो वण उचलते आणि सांगते, तुझा काळ तुझ्या अंगावर लिहिलेला आहे. एका पिढीनं देवीपासून सुटका करून घेतली, त्याचा तो शिक्का आहे. रंजक कादंबरीतला हा प्रसंग आम्हांला कुठल्याही गंभीर साहित्याच्या तोडीचा वाटतो.

आता अडचणीच्या जागांकडे येऊ. स्तुतीच करायची असती तर व्याख्यान कशाला?

पहिली अडचण लग्नाची. क्लेअर विवाहित आहे. तिनं जेमीशी लग्न करायचं म्हणजे वाचकाच्या नजरेत ती उतरता कामा नये. मग लेखिका काय करते? लग्न सक्तीचं करते. स्कॉटिश माणसाशी लग्न लागलं की क्लेअर स्कॉटिश ठरेल आणि ब्लॅक जॅक तिला चौकशीसाठी ताब्यात घेऊ शकणार नाही. जीव वाचवण्यासाठी लग्न. प्रेमकथेतली ही फार जुनी युक्ती आहे. इच्छा बाईची, पण जबाबदारी परिस्थितीची. वर फ्रँकचा तर अजून जन्मच झालेला नाही! जो जन्मलाच नाही त्याच्याशी प्रतारणा कशी होईल? कालप्रवासानं दिलेली ही सोय पाहून हसू येतं, पण हसता हसता विचारायला हवं, की १९९१ साली लिहिणाऱ्या बाईलासुद्धा आपल्या नायिकेला ‘मला हा पुरुष हवा आहे’ एवढं सरळ म्हणू देण्याआधी इतकी तटबंदी का उभारावी लागली? आणि ती तटबंदी वाचताना आपल्याला इतका दिलासा का मिळाला?

दुसरी अडचण पट्ट्याची. ज्यांनी वाचलंय त्यांना लगेच कळलं असेल. क्लेअरनं सांगितलेलं न ऐकल्यामुळे सगळे धोक्यात आले, म्हणून जेमी तिला पट्ट्यानं मारतो. त्या काळाच्या रीतीनं हा नवऱ्याचा हक्क, नव्हे, कर्तव्य. क्लेअर लढते, चावते, संतापते. नंतर जेमी पुन्हा कधीही हात उगारणार नाही अशी शपथ घेतो. यावर वाचकांत तेव्हापासून आजपर्यंत वाद आहेत. एक बाजू म्हणते, लेखिकेनं भूतकाळ धुऊनपुसून गोड केला नाही, हे चांगलंच. दुसरी म्हणते, मारलं आणि चार पानांत माफही केलं, यालाच तर आम्ही कंटाळलो आहोत.

आमचं म्हणणं जरा वेगळं आहे. प्रसंग ठेवायला हवा होता की नको, हा प्रश्न नाही. तो कोण सांगतंय, हा प्रश्न आहे. कादंबरीत तो क्लेअरच्याच तोंडून येतो, तिचा अपमान आपल्याला आतून कळतो. मालिकेच्या पहिल्या पर्वात आठ भाग क्लेअरचा आवाज आपल्याला गोष्ट सांगतो. नवव्या भागात, म्हणजे नेमक्या या प्रसंगाच्या भागात, निवेदन जेमीकडे जातं. करणाऱ्याची बाजू समजावी म्हणून हे केलं असेल, त्यातून जेमीचं बदलणंही दिसतं. पण जिच्या आवाजासाठी कालप्रवासाचा एवढा घाट घातला, तिला नेमक्या माराच्या वेळी गप्प केलं. पडदा आणि पान यांतला हा फरक लहान नाही. छायाचित्रण सुंदर, संगीत सुंदर, म्हणून तो नजरेआड होऊ नये.

याच मालिकेचं श्रेयही मोकळेपणानं देऊ. टोबायस मेंझीस यांनी फ्रँक आणि ब्लॅक जॅक या दोन्ही भूमिका केल्या. कादंबरीत ‘तो फ्रँकसारखा दिसतो’ हे एक वाक्य असतं आणि आपण ते विसरतो. पडद्यावर विसरता येत नाही. सभ्य, समजूतदार आधुनिक नवरा आणि दोनशे वर्षांपूर्वीचा छळणारा, दोघांचा एकच चेहरा. आधुनिकतेचा आपल्याला जो अभिमान आहे, तिच्या घराण्यात कोण कोण आहे, हे तो चेहरा न बोलता सांगतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि ती फक्त या लेखिकेची नाही, आपलीही आहे. ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘किंड्रेड’ ही कादंबरी १९७९ची. ‘आउटलँडर’च्या बारा वर्षं आधीची. डेना ही १९७६ सालची, कॅलिफोर्नियातली काळी लेखिका. तिचा नवरा गोरा. ती ओढली जाते ती एकोणिसाव्या शतकातल्या मेरिलँडमध्ये, गुलामांच्या मळ्यावर. तिथल्या मालकाचा मुलगा रूफस तिचा पूर्वज आहे. त्याला जगवलं नाही तर ती जन्मालाच येणार नाही. आणि रूफसची जबरदस्ती ॲलिस नावाच्या बाईवर झाली नाही, तरीही तिचा वंश सुरू होणार नाही. शेवटच्या परतीच्या वेळी डेनाचा एक हात भूतकाळात राहतो. अक्षरशः.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. यंत्रणा तीच : आजची बाई, जुना काळ, परत येण्याची अनिश्चितता. मग एक प्रेमकथा का होते आणि दुसरी का होऊ शकत नाही? कारण क्लेअर त्या काळात परकी असली तरी माणसात मोजली जाते. कातडी गोरी, बोली सुशिक्षित, किल्ल्यात जेवायला बसायला जागा मिळते. डेनाला ते दार नाही. गॅबाल्डन यांची कथा पुढे अमेरिकेत, उत्तर कॅरोलायनात जाते, तेव्हा जेमीच्या मावशीच्या मळ्यावर गुलाम आहेत. क्लेअरला ते सहन होत नाही, आणि मग हे दोघं डोंगरात स्वतःची वस्ती करायला निघून जातात. पात्रं निघून जाऊ शकतात, हीच त्यांची सवलत. मळा तिथेच राहतो.

हाच प्रश्न आता आपल्या अंगणात आणू. समजा, आपल्यापैकी प्रत्येकाला अठराव्या शतकातल्या पुण्यात नेऊन सोडलं. कल्पनेत आपण सगळे कुठे उतरतो? शनिवारवाड्यात. नऊवारी, नथ, पालखी, कारंजी. वाड्याबाहेर कुणी उतरतच नाही! १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. पेशवाई संपून तेव्हा जेमतेम सदतीस वर्षं झाली होती. तिच्यासाठी ती नथ-पालखीची कथा नव्हती, घरात सांगितली जाणारी ताजी आठवण होती. त्या मुलीला कुणी विचारलं असतं, ‘बाई, जातेस का परत त्या काळात, तिथे एक देखणा सरदार आहे’, तर तिनं काय उत्तर दिलं असतं? भूतकाळाच्या प्रेमात पडायलाही आधी त्या काळात उभं राहायला जागा लागते. ती जागा कुणाला होती आणि कुणाला नव्हती, हे ही पुस्तकं वाचताना मनाच्या कोपऱ्यात असू द्यावं. आनंद कमी होत नाही. आनंदाला डोळे येतात.

इतकं बोलून झाल्यावर तुम्ही म्हणाल, मग तुम्हांला हे आवडतं तरी कशासाठी? तर तिसऱ्या खंडासाठी. ‘व्हॉयेजर’साठी.

या कथेत कालप्रवासाचा एक निष्ठुर नियम आहे. इकडे वीस वर्षं गेली की तिकडेही वीस वर्षं जातात. तरुणपणीच्या क्षणाला परत जाण्याची सोय नाही. क्लेअर १९४८ला परतली, मुलीला वाढवलं, डॉक्टर झाली. १९६८ साली कळतं की जेमी कलोडनला मेला नव्हता. आता जायचं तर १७६६ सालात, आणि तोही वीस वर्षांनी म्हातारा झालेला. स्वतः ती पन्नाशीला टेकलेली. जाण्याआधी ती काय करते? आरशात बघते. केस पांढरे होतायत, अंग सुटलंय, त्याला आवडेन का? मग एडिनबरोतला तो छापखाना. ती दार उघडते, तो वळून बघतो आणि हा सहा फुटी योद्धा चक्क बेशुद्ध पडतो. शुद्धीवर आल्यावर ती त्याला कधीच न पाहिलेल्या मुलीचे फोटो दाखवते. ज्यानं फोटो ही वस्तूच पाहिलेली नाही, तो वीस वर्षांचं बापपण एका बैठकीत पाहतो.

प्रेमकथा साधारणपणे लग्नापाशी थांबते. नायिका पंचविशीच्या पुढे गेली की तिची बदली आईच्या भूमिकेत होते. इथे वेळेच्या पलीकडे जाण्याची शक्ती आहे, आणि ती शक्ती वापरून बाई पुन्हा तरुण होत नाही. गेलेली वर्षं गेलीच. मुलीचं बालपण त्याला मिळालं नाही, ते मिळणारही नाही. दोन पोक्त माणसं एकमेकांसमोर जरा लाजत बसतात आणि नव्यानं ओळख करून घेतात. पुढच्या खंडांमध्ये ती आजी-आजोबा होतात आणि तरी कथा त्यांचीच राहते. आमच्या मते या प्रकाराचा खरा आनंद इथे आहे. पळून जाण्याचा म्हणून तो हिणवला जातो, पण मुळात तो हिशेबाचा आहे. काय गमावलं, काय राहिलं, आणि जे राहिलं ते पुरेसं आहे का?

अर्थात चाहत्यांचं प्रेम कधी कधी हिशेब विसरतं. कलोडनच्या माळावर कुळांच्या नावाचे दगड आहेत. फ्रेझर कुळाच्या दगडापाशी लोक फुलं ठेवतात, जेमीसाठी. जो कधी जन्मला नाही त्याच्यासाठी. त्या मातीखाली खरे फ्रेझर आहेत, ज्यांना वाचवायला कुणी क्लेअर आली नाही. ही फुलं चूक, असं आम्ही म्हणणार नाही. त्या कादंबरीवाचून कदाचित ते लोक तिथवर आलेच नसते. फक्त फूल ठेवताना हात जरा थांबावा आणि खाली कोण आहे हे आठवावं, इतकंच.

शेवटी एक कादंबरी कल्पून पाहू. १९४५ सालची, ससून रुग्णालयातली एक परिचारिका. ती थेऊरला जाते, चिंतामणीच्या देवळात दर्शन घेते, आणि बाहेर येते तेव्हा साल असतं १७७२. ओसरीवर माधवराव खोकतायत. तिच्याकडे औषध नाही, ते अजून तिच्या रुग्णालयातही पोचलेलं नाही. असतं तरी उपयोग नव्हता, कारण नियम आपण पाहिला : मोठा इतिहास वळत नाही. १८ नोव्हेंबरला पेशवा जाणार. पण नियमाचा दुसरा भाग आठवा. आयुष्यं थोडी हलवता येतात. मग या परिचारिकेची खरी गोष्ट माधवरावांची नाहीच. ती रमाबाईंची आहे. त्या सती जाणार हे तिला माहीत आहे. थांबवावं का? थांबवता येईल का? आणि रमाबाई स्वतःच म्हणाल्या, ‘तुम्ही कोण मला थांबवणाऱ्या? मागे राहून माझ्या वाट्याला काय येणार आहे ते तुम्हांला तरी ठाऊक आहे ना?’ तर ही आजची बाई काय उत्तर देईल? नदीकाठी चितेची लाकडं रचणारी, वाड्याच्या पायरीवर जिला कधी चढू दिलं नाही अशी तिसरीही एक बाई तिथे उभी असेल. तिचं यावर काय म्हणणं असेल?

हे प्रश्न ज्या कादंबरीत असतील ती आम्ही रात्री जागून वाचू, आणि चारचौघांत मोठ्या आवाजात सांगू.